कारभार शिकलेला मुलूख

१९३८ साल संपत आलं होतं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी सत्तर वर्षांचे झाले. राजाच्या वाढदिवसाला संस्थानात काय होतं हे रयतेला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं : मिरवणूक, नजराणे, पंगती, फार तर एखादी देणगी. त्या वर्षी बाळासाहेबांनी भर समारंभात जाहीर केलं की राज्याचा कारभार आता रयतेनं चालवायचा. जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटनाच अमलात आली. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात पाचशेहून अधिक संस्थानं होती. त्यातल्या एका चिमुकल्या संस्थानाच्या धन्यानं, कुणी मोर्चा आणला नसताना, आपल्या हातची सत्ता उतरवून गावांच्या पुढ्यात ठेवली.

हे संस्थान सलग नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे चार तुकडे. मध्ये इंग्रजांचा मुलूख. क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मैल, गावं सत्तरच्या आसपास, लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात. मोठं म्हणावं असं एकही शहर नाही. खुद्द राजधानीचं औंध म्हणजे यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं बाजारगाव, आणि आटपाडी म्हणजे माणदेशातली मोठी पेठ. आज लहान गावात नेतृत्व कसं उभं राहतं, लोक आपल्या गावाच्या कामात कसे पडतात, याची चर्चा करताना आपण परदेशातले दाखले देतो. मला मात्र वाटतं, या विषयाची सगळ्यात श्रीमंत शाळा आपल्या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातच भरलेली होती आणि तिचे वर्ग अजून पुरते सुटलेले नाहीत.

या घटनेमागं तीन माणसं होती. पहिले स्वतः बाळासाहेब. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावं लागलं तेव्हा १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर जागा देणारे तेच. दुसरे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब, ऑक्सफर्डला शिकून आलेले तरुण बॅरिस्टर, जे पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. तिसरे मॉरिस फ्रीडमन. हे पोलंडचे ज्यू अभियंते. बंगळूरला वीजसाहित्याच्या कारखान्यात आले, संन्यास घेतला, भारतानंद झाले आणि आप्पासाहेबांबरोबर औंधला पोहोचले. मराठी माणसाला त्यांची आणखी एक ओळख हवी : गिरगावजवळच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते इंग्रजीत नेऊन जगापुढं ठेवणारे हेच फ्रीडमन.

आप्पासाहेब आणि फ्रीडमन मसुद्याची कल्पना घेऊन गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यात बारकाईनं लक्ष घातलं आणि घटनेबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलंही. त्यांचा भर एका गोष्टीवर होता. सत्ता वरून खाली सांडायची नाही, ती खालून वर चढली पाहिजे. म्हणून घटनेत पहिलं घर गावाचं. गावानं पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुक्याची सभा व्हायची आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात माणसं जायची. राजाचा खर्च बांधून दिलेला. राजपुत्रानं वाड्यात बसून अहवाल वाचायचे नाहीत, गावोगाव पायी हिंडायचं.

एवढ्यावर ते थांबले असते तर औंधची गोष्ट इतिहासातला एक सज्जन अपवाद म्हणून उरली असती. तिला वजन आलं ते दोन तरतुदींमुळे. गावातून गोळा होणाऱ्या महसुलाचा निम्मा वाटा गावाच्या पंचायतीकडे जाणार होता. आणि गावातले तंटे गावानंच निकाली काढायचे होते.

या दोन्हींचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पैसा हाती नसलेल्या पंचायतीत बसणारा माणूस अर्ज लिहायला शिकतो. साहेबाकडे खेटे घालायला शिकतो, ओळख काढायला शिकतो आणि मग गाव त्यालाच पुढारी म्हणायला लागतं. पैसा हाती असलेल्या पंचायतीत बसणाऱ्याला निराळंच काहीतरी शिकावं लागतं. यंदा विहीर खोदायची की शाळेची भिंत बांधायची, हे त्याला ठरवावं लागतं. ज्यांची विहीर राहिली त्यांच्या आळीतून रोज जावं लागतं, त्यांना तोंड द्यावं लागतं. न्यायाचंही तसंच. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार शपथ घेऊन खोटं बोलू शकतो, कारण तिथं त्याला ओळखणारं कुणी नसतं. गावच्या चावडीत बांध कुणी सरकवला हे सगळ्यांना माहीत असतं, आणि निकाल देणाऱ्या पंचालाही उद्या त्याच पाणवठ्यावर जायचं असतं. असा निकाल देताना जी जबाबदारी अंगावर येते ती कुठल्या शिबिरात शिकवता येत नाही.

मतदानाला साक्षरतेची अट होती. गांधीजींनाही ती मान्य होती; अक्षरओळख काही महिन्यांत होण्यासारखी आहे, आणि मताचा हक्क मिळवायचा म्हणून माणूस शिकेल, असा त्यामागं विचार होता. मोठी माणसं पाटी घेऊन बसावीत म्हणून शिक्षणाची मोहीम निघाली. पण या अटीनं पहिल्या फेरीत कोण बाहेर राहिलं असेल हे सांगायला अभ्यासक लागत नाही. बाया बाहेर राहिल्या, महारवाडा बाहेर राहिला.

इथं शंकरराव खरातांचं नाव घेतलंच पाहिजे. ते याच आटपाडीचे. १९२१ मधला जन्म, वडील गावचे तराळ. तराळकी म्हणजे काय, गावाची ओझी कोण वाहतं, मेलेलं ढोर कोण ओढतं आणि त्या बदल्यात कुणाच्या दारात हात पसरावा लागतो, हे त्यांचं आत्मचरित्र ‘तराळ अंतराळ’ वाचल्यावर विसरता येत नाही. खरात औंधला शिकले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्ष झाले. संस्थानच्या शाळांचं हे श्रेय आहेच. पण औंधच्या प्रयोगाचं कौतुक करणाऱ्यानं आटपाडीच्या त्या महारवाड्यातून त्याच्याकडे एकदा पाहिलं पाहिजे. पाच पंच चावडीत बसले म्हणजे सगळं गाव बसलं असं होत नाही. ज्याला चावडीची पायरी चढायची मुभा नाही त्याच्या दृष्टीनं राजा आणि पंच यांत अंतर थोडंच असतं. गावाच्या नेतृत्वाबद्दल बोलताना हा प्रश्न आजही पहिला विचारावा लागतो : या बैठकीत कोण नाही?

त्या काळच्या गावाचं चित्र ज्याला जवळून बघायचं असेल त्यानं व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा हाती घ्यावी. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि ही कादंबरी औंध संस्थानच्या मुलखातली. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. मुलं नाहीत, पालकांना गरज वाटत नाही, कारभाऱ्याचा शब्द वस्तीत शेवटचा. हा पोरगेला मास्तर हळूहळू वस्तीच्या भानगडीत ओढला जातो. कुणाचं पत्र लिहून दे, कुणाचा तंटा मिटव. मग त्याच्या मनात तालमीची इमारत येते, आणि ती वस्ती आपल्या कष्टानं उभी करते. राजेसाहेब उद्घाटनाला येतात तो प्रसंग मराठी वाचकाला पाठ असेल. मला त्यातला राजा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की वस्तीनं आधी मास्तरला मापून घेतलं. नोकरीचा हुकूम होता म्हणून तो पुढारी झाला नाही. लोकांची बारीकसारीक कामं करत राहिला, तेव्हा कुठं मोठ्या कामाचा त्याचा शब्द चालला. पुढं दुष्काळ पडतो आणि वस्ती उठून जाते. माडगूळकर खोटा दिलासा देत नाहीत. पाणी नसेल तर तालीमही राहत नाही आणि शाळाही राहत नाही, हे माणदेशाला कायमचं माहीत आहे.

आटपाडीजवळ याच वर्षांत आणखी एक धाडस झालं. १९३९ मध्ये फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीशिवाय राहू लागले. बायकामुलांसह, शेती करत, आपल्या घामाचं खात. पळून जायचं तर अडवायला कुणी नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागं हीच वसाहत आहे, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले. ही वसाहत आजही कारागृह विभागाकडे खुली वसाहत म्हणून आहे. गावाच्या कारभाराशी तिचा संबंध काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते संबंध सरळ आहे. गावकऱ्यांवर पैशाचा भरवसा टाकणारं आणि कैद्यावर उघड्या माळाचा भरवसा टाकणारं मन एकच होतं. माणूस आधी लायक होऊ दे, मग त्याला अधिकार देऊ, असं ते मन म्हणत नव्हतं. अधिकार हाती आला की लायकी येऊ लागते, यावर त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास खरा ठरतो की नाही हे पाहायला ते स्वतःची सत्ता पणाला लावायला तयार होतं.

कुंडलचं तर सगळ्यांना माहीत आहे. १९४३ ते ४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगाव न्यायदान मंडळं बसली, सावकाराच्या आणि गुंडाच्या जाचाला चाप बसला, साध्या खर्चात गांधी पद्धतीनं लग्नं लागली. त्या चळवळीचं एक मोठं केंद्र औंध संस्थानातलं कुंडल होतं, जी. डी. बापू लाड तिथले, तुफान सेना तिथं घडली. इंग्रजी हद्दीतून पाठलाग झालेल्या भूमिगतांना संस्थानच्या हद्दीत आसरा मिळे. औंधच्या पंचायतींमुळे प्रतिसरकार झालं असं म्हणणं चुकीचं होईल. सत्यशोधक चळवळीनं सातारच्या शेतकऱ्याला कितीतरी आधी उभं केलं होतं. पण संस्थानच्या गावांत न्यायनिवाड्याला आपणच बसायचं हे रुळत असताना, शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या शेतकऱ्याला ‘सरकार आपणही चालवू शकतो’ हे अगदीच नवल वाटलं नसणार.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. औंधही गेलं. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं. पण नऊ वर्षं गावांनी जो कारभार केला त्याचं काय करायचं, हे कुठल्या पातळीवर गंभीरपणे विचारलं गेलं नाही. निम्मा महसूल गावाकडे ठेवणारी पद्धत गेली आणि तिच्या जागी मामलेदार, कलेक्टर, सचिवालय असा जिना आला. पंचायतराज आलं ते १९६२ मध्ये, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली ती १९९३ मध्ये, ७३ व्या दुरुस्तीनं. औंधच्या घटनेनंतर चोपन्न वर्षांनी.

योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये आटपाडीत पुन्हा लोक जमले, पाण्यासाठी. या वेळी राजा नव्हता. बोलावणारे होते क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. वाळव्याचे, प्रतिसरकारातले सेनानी, वय सत्तरीच्या आसपास. स्वतःच्या गावात त्यांनी हुतात्मा किसन अहिर साखर कारखाना उभा केला होता. वाळव्याला कृष्णेचं पाणी आहे, ऊस आहे. पाण्याच्या बाजूच्या माणसानं कोरड्या बाजूच्या लोकांसाठी उभं राहावं, ही आपल्या राजकारणात नवलाची गोष्ट. त्यांच्याबरोबर सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते, अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेले आणि तरी शेवटपर्यंत साधे. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर होते. सातारा, सांगली, सोलापूर भागातले तेरा दुष्काळी तालुके या पाणी संघर्ष चळवळीत आले.

मागणी काय होती हे नीट ऐकण्यासारखं आहे. कृष्णेचं पाणी उचलून वर द्या, एवढीच असती तर ती नेहमीची मागणी झाली असती. चळवळ म्हणाली, पाणी द्या आणि ते समान वाटा. ज्याची जमीन कालव्याच्या तोंडाशी त्याला भरपूर आणि शेपटाच्या गावाला धूळ, असं चालणार नाही. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या वाट्याचं पाणी मोजून मिळालं पाहिजे. ही मागणी करायची म्हणजे गावागावांत बसून आधी आपापसात ठरवावं लागतं. जास्त जमीनवाल्याला समजवावं लागतं की तुझ्या एकराच्या हिशेबानं नव्हे, घराच्या हिशेबानं पाणी मिळेल. ऊस लावायचा की नाही हा वाद काढावा लागतो. चळवळीचं खरं काम मोर्च्यांपेक्षा या बैठकांत झालं असं मला वाटतं. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी माणदेशात यायला अनेक वर्षं लागली. पण तोवर घनमीटर, पाळी, टप्पा, बंदिस्त नळ हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात आले होते, आणि समन्यायी वाटप आटपाडी तालुक्यात प्रत्यक्षात कसं बसवायचं याचा आराखडा पुण्याच्या ‘सोपेकॉम’ संस्थेतल्या पाण्याच्या अभ्यासकांनी लोकांबरोबर मांडला होता. नागनाथअण्णा २०१२ मध्ये गेले, गणपतराव २०२१ मध्ये. पाण्याच्या वाटपावरचं भांडण संपलेलं नाही. पण भांडायला उभा राहणारा माणूस आता आकडे घेऊन उभा राहतो.

या मुलखाला गळतीही तितकीच आहे. आटपाडी, खानापूर, विटा भागातली तरणी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या कामासाठी केरळपासून आसामपर्यंतच्या पेठांत त्यांची दुकानं आहेत. त्याआधी गिरण्यांनी माणसं नेली. ज्या वयात गावाच्या कामात पडायचं त्या वयात माणूस परमुलखात असतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला ही मंडळी येतात, देवळाला, शाळेला सढळ हातानं पैसे देतात आणि चार दिवसांनी जातात. त्यांच्या देणग्यांनी इमारती झाल्या. पण देणगी देणारा आणि वर्षभर बैठकीला बसणारा यांची कामं वेगळी आहेत, आणि लहान गावाला दुसऱ्याची टंचाई जास्त जाणवते.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो, कारण हे सगळं मी त्यासाठीच सांगतो आहे. २०१४ मध्ये राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरण घेतलं. एकामागून एक तालुक्याची गावं ‘शहर’ झाली. आटपाडीही नगरपंचायत झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथं नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. नगरपंचायत झाली की निधी वाढतो, मुख्याधिकारी येतो, विकास आराखडा होतो. लोकांनी त्याचं स्वागत केलं यात नवल नाही.

पण त्या दिवशी एक गोष्ट हातून जाते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ग्रामपंचायत होती तोवर गावाला ग्रामसभा होती. वर्षातून चार वेळा, निदान कायद्यानं, प्रत्येक मतदाराला समोर बसून विचारायचा हक्क होता : घरकुलाच्या यादीत माझं नाव का नाही? पाणीपट्टीचे पैसे कुठं गेले? महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद होती. ग्रामसभा अनेक गावांत कागदावरच उरकतात हे खरं. तरीही ती मागायची सोय होती. नगरपंचायतीत नागरिकांची अशी सभाच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांच्या वरच्या शहरांना. म्हणजे पाचशे वस्तीच्या खेड्याला सभा आहे, मोठ्या शहराला निदान समिती आहे, आणि पंधरा-वीस हजारांच्या गावाला यातलं काहीच नाही. लोकांनी एकदा मतदान करायचं आणि मग पाच वर्षं नगरसेवकाच्या दारात जायचं. २०२१ च्या अखेरीपासून तर राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांत निवडून आलेलं कुणीच नव्हतं. प्रशासक होते. एवढी वर्षं एखाद्या गावात एकही निवडून आलेला माणूस नसतो आणि तरी तिथं मोठा उठाव होत नाही, यातून सवय किती मोडली आहे ते कळतं.

पैशाची गोष्टही औंधच्या उलट झाली. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. आधी नाक्यावर जे उत्पन्न गोळा होई ते गावाचं होतं. त्याजागी सरकारी अनुदान आलं. घरपट्टी आणि पाणीपट्टी हीच मुख्य हातची कमाई उरली, आणि ती वसूल करायला नगरसेवक कचरतो, कारण पुढं मतं मागायची असतात. मग रस्ता हवा तर आमदार, नाट्यगृह हवं तर मंत्री. फलकावर ‘यांच्या प्रयत्नातून’ असं कुणाचं तरी नाव लागतं. गावाच्या पैशातून झालेल्या कामावर असं नाव कुणी लावू शकत नाही.

यावर कायदा बदला ही मागणी रास्तच आहे, आणि ती लावून धरायला हवी. पण आटपाडीसारख्या गावाला त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. नगरपंचायतीला ठराव करून प्रभागवार नागरिकांची बैठक घेण्यापासून कोणताही कायदा अडवत नाही. सर्वसाधारण सभेला नागरिकांनी जाऊन बसण्याला मनाई नाही. आपण जात नाही इतकंच. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नगरपालिकेच्या नोंदी नागरिकांना पाहू देण्याचा आदेश राज्य सरकारनं २०१८ मध्ये काढला होता. दोन-तीन बाया बचतगटाच्या बैठकीतून उठून नगरपंचायतीत जाऊन पाणीपुरवठ्याची बिलं पाहू लागल्या, तर त्या प्रभागाचं नेतृत्व कुणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. बचतगटांत हिशेब लिहायची, कर्ज वाटताना नाही म्हणायची आणि ते नाही पचवायची सवय बायकांना वीस-पंचवीस वर्षांत झालेली आहे. औंधच्या पंचांना जे शिकावं लागलं तेच हे आहे, आणि १९३९ मध्ये जी चावडीबाहेर होती तीच आज ते शिकलेली आहे. निम्म्या जागा तिच्यासाठी राखीव आहेत. तिच्या नावावर तिच्या नवऱ्यानं किंवा दिरानं कारभार हाकू नये एवढी काळजी मतदारांनी घ्यायची आहे.

अशी पहिली बैठक कुठल्या विषयावर लावावी, असं मला कुणी विचारलं तर मी पाणी म्हणेन. टेंभूचं पाणी तालुक्यात आलं, पण गावाच्या कुठल्या आळीत नळाला किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं, कुणाच्या घरी मोटार लावून ओढलं जातं, टाकीतून सुटलेल्या पाण्यापैकी घरात किती पोचतं, हे प्रभागातल्या माणसांनी बसून लिहून काढायचं. समान वाटपाचं भांडण ज्यांनी धरणाशी आणि मंत्रालयाशी केलं त्यांच्या नातवंडांना ते आपल्या आळीत करता येईल. बैठक शाळेच्या पटांगणात घ्यावी, कारण तिथं यायला कुणालाही परवानगी मागावी लागत नाही. आणि ती दर महिन्याला, ठरल्या वारी घ्यावी, निवडणूक असो वा नसो, नगरसेवक येवो वा न येवो.